योगासाठी लोड आणि उशी: नागपुरात काय घ्यावं, कसं निवडावं?

फुटाळाकाठ

नमस्कार मंडळी. २१ जूनच्या आसपास योगवर्गाला नाव घातलेले बरेच जण महिना-दोन महिन्यांनी लोड किंवा उशी शोधायला लागतात आणि मग "ताई, कोणता घेऊ?" म्हणून विचारतात. धरमपेठेतल्या एका छोट्या वर्गात मी शिकवायला मदत करते. एकेकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथे एकदा नीट लिहून ठेवते. तुम्हीही भर घाला.

माझं म्हणणं आधीच सांगते. लोड विकत घेण्याआधी घरातल्या चादरी बाहेर काढा. आपल्याला किती उंची लागते हे दुकानात उभं राहून कळत नाही, ऑनलाइन फोटोवरून तर नाहीच. ते जमिनीवर बसूनच कळतं.

साधी मांडी घालून बसा. भिंतीला टेकू नका. घरातल्या कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. फोटोत गुडघे कमरेच्या सांध्यापेक्षा वर दिसत असतील आणि कंबर मागे गोल झाली असेल, तर तुमची बैठक उंच व्हायला हवी. मांडीमागचे आणि नितंबांचे स्नायू आखडलेले असले की ते कमरेचं हाड मागच्या बाजूला कलवतात. मग पाठीचा खालचा भाग वाकतो, आणि शिक्षकांनी कितीदाही "ताठ बसा" म्हटलं तरी माणूस दोन मिनिटांत पुन्हा वाकतो. त्याची इच्छाशक्ती कमी पडत नसते, त्याला उंची कमी पडत असते.

आता एक सोलापुरी चादर चौघडी करून नितंबांखाली घ्या. मांड्यांखाली नको, फक्त बैठकीच्या दोन हाडांखाली. नाही भागलं तर दुसरी घ्या, मग तिसरी. एका उंचीला पाठ आपणहून उभी राहते, पोट मोकळं होतं आणि गुडघे जमिनीकडे उतरतात. ती जागा सापडली की तुम्ही वर बसलेले असतानाच चादरींची उंची पट्टीने मोजून घ्या. तुमची खरी उंची हीच. कुणाचं ५ सेंमीत भागतं, कुणाला १५ सेंमी लागतात. आमच्या वर्गात पुरुषांना बहुधा जास्त लागते.

दाबलेली उंची मोजा, हे पुन्हा सांगते. पाकिटावर १५ सेंमी लिहिलेली उशी तुमच्या वजनाखाली ६ सेंमी होत असेल, तर तुम्ही ६ सेंमीचीच उशी घेतली.

मग कशासाठी हवं ते ठरवा. बसायची उशी वेगळी आणि आडवं पडायचा लोड वेगळा. बाजारात लोड साधारण तीन आकारांत मिळतात. गोल लोड ६० ते ६५ सेंमी लांब आणि २० ते २३ सेंमी व्यासाचा असतो. चपटा, म्हणजे आयताकृती, तेवढाच लांब, ३० सेंमी रुंद आणि १५ सेंमीच्या आसपास उंच. तिसरा बारीक आणि बुटका, आडवं पडून प्राणायाम करताना पाठीच्या कण्याखाली घ्यायचा. घरात एकच ठेवायचा असेल तर मी चपटा सुचवते. तो लोळत नाही, पाठीला रुंद आधार देतो, आणि त्यावर बसताही येतं. गोल लोड गुडघ्यांखाली उत्तम बसतो, पण पाठीखाली घेतला की नवख्या माणसाला तोल सांभाळावा लागतो, आणि तोल सांभाळत कुणाचं शरीर सैल होत नाही.

भरावाबद्दल खाली चर्चा होईलच. माझ्यापुरतं सांगते: टणक हवा. पंजा रोवून पूर्ण भार दिल्यावर एक-तृतीयांशाहून जास्त खाली गेला तर तो लोड नको. मऊ उशी हाताला छान लागते, पण आधार देत नाही. तिच्यात आपण रुततो आणि स्नायू पुन्हा कामाला लागतात.

वर्धारोड

फार उपयोगी लिहिलंत ताई. फोमचे लोड ऑनलाइन स्वस्त दिसतात, हलकेही असतात. फ्लॅटमध्ये जागा कमी, उचलून कपाटावर टाकता येतो. घ्यावा का?

पिंजण

माझ्या घरात गादी भरायचं काम तीन पिढ्यांपासून चालू आहे, इतवारीच्या बाजूला. म्हणून फोमबद्दल मी सांगतो.

फोम वाईट नाही, पण घनता पाहून घ्यावा लागते. स्वस्त लोडात बहुतेकदा हलका फोम असतो किंवा फोमचे तुकडे भरलेले असतात. तुकड्याचा लोड तं घेऊच नका. मधातून खचतो आणि दोन्ही टोकं उभी राहतात, पाठीखाली घेतला का कंबर खड्ड्यात. एकसंध, जड फोम असन तं एखाद्याचं काम भागू शकते. पण आपल्या उन्हाळ्यात फोमवर पडलं का पाठीला घाम फुटते, हवा खेळत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते तिथे हा विचार करावाच लागते.

कापसाचा लोड घ्या. कापसातही फरक आहे, तो समजून घ्या. एक म्हणजे नवी रुई, सरकी काढलेली, पिंजलेली. दुसरी जुन्या गादीतली रुई पुन्हा पिंजलेली. तिसरा गिरणीचा वेस्ट, त्यात धाग्याचे तुकडे, चिंध्या, रंगीत सूत काहीही असते. दुकानात रेक्रॉन म्हणून जे मिळते ते कापूस नाही, पॉलिस्टरचा तंतू आहे. फुगीर दिसते, उशीला चालते. लोडाला नाही, वजन पडलं का बसून जाते.

लोडासाठी नवी आणि जुनी पिंजलेली रुई मिसळून घेतली तरी चालते. लांब धाग्याच्या महाग कापसाची गरज नाही. लांब धागा सुतासाठी लागते, भरायला आखूड धाग्याची रुई पुरते. गोल लोडाला साधारण चार किलो रुई बसली पाहिजे. दोन-अडीच किलोत कोणी भरून देत असन तं तो पिचपिचा होणार.

भरायची पद्धतही महत्त्वाची आहे. मुठीमुठीने कोंबलेल्या रुईच्या गाठी होतात. पिंजलेली रुई लादीसारखी सपाट पसरायची, थरावर थर द्यायचे, घट्ट गुंडाळी करायची आणि ती गुंडाळी खोळीत सरकवायची. टोकाला जिथे पोकळी राहते तिथे काठीने ठासायचं. चपटा लोड असन तं थर सपाटच ठेवायचे आणि गादीसारखे आरपार टाके मारायचे, नाही तं रुई एका बाजूला सरकते. गादीवाल्याला सांगा, "बसायचा नाही, झोपायचा लोड, आणि कडक." त्याला समजते.

सावरफूल

पिंजण दादा, सावरीचा कापूस चालेल का? आमच्या गावाकडे, उमरेडच्या बाजूला, काटेसावरीची झाडं भरपूर आहेत. एप्रिलमध्ये बोंडं फुटतात तेव्हा आई गोळा करून उशा भरायची. फार थंड असतात त्या.

पिंजण

उशीला सावरीसारखं दुसरं काही नाही. तंतू आतून पोकळ असते म्हणून हलका राहते, ओल लवकर धरत नाही. पण धागा ठिसूळ आहे. रोज पूर्ण अंगाचा भार पडला का चुरा होत जाते आणि लोड बसते. शिवाय कापूस पुन्हा पिंजता येते, सावरीचा नाही येत. तुम्ही बसायच्या उशीत वरचा एक थर सावरीचा द्या, खाली रुई ठेवा. चांगलं लागन. भरताना नाकाला कापड बांधा मात्र, लय उडते.

सकाळचीफेरी

मी अंबाझरीच्या काठाला फिरायला जाणारा आणि नंतर आसनं करणारा जुना माणूस आहे. वय ७१. मला हे सगळं वाचून एक प्रामाणिक शंका वाटते. आम्ही शिकलो तेव्हा एक सतरंजी असायची. रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाच्या वर्गांत कितीतरी नागपूरकर तसेच शिकले. शरीराने हळूहळू आसनात जायचं, त्यासाठी सराव करायचा, हाच तर योग. लोड, विटा, पट्टे यांची सवय लागली तर माणूस त्यांच्यावरच अवलंबून राहणार नाही का? वस्तू विकण्यासाठी हे वाढवलं जातंय, असंही वाटतं.

फुटाळाकाठ

काका, शंका योग्य आहे. वस्तू विकणारे आहेतच, म्हणून तर मी चादरींपासून सुरुवात केली. पण आधार घेणं ही नवी गोष्ट नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाला बसायची जागा सांगितली आहे: खाली दर्भ, त्यावर मृगाजिन, त्यावर वस्त्र, आणि ते आसन "नात्युच्छ्रितं नातिनीचं", म्हणजे फार उंच नाही आणि फार खालीही नाही. थर द्यायचे आणि उंची बघायची, हे तिथेच आलं. पतंजलींनी आसनाला दोनच अटी घातल्या, स्थिर आणि सुख. ज्याची कंबर कळ मारते त्याला या दोन्ही मिळत नाहीत.

आणि आज जगभर जे लोड, विटा, पट्टे दिसतात त्यांचं मोठं श्रेय आपल्या पुण्याला आहे. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये शिकवायला पुण्यात आले. पुढे १९७५ मध्ये त्यांच्या पत्नीच्या नावाने तिथे रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था उभी राहिली. आजारी, वयस्क, ताठरलेल्या शरीराच्या माणसांनाही आसन मिळावं म्हणून त्यांनी खुर्ची, दोर, घोंगडी, लोड यांचा पद्धतशीर वापर बसवला. ते ९५ वर्षांचे होऊन २०१४ मध्ये गेले आणि उतारवयात स्वतःही अशाच आधारांवर दीर्घकाळ आसनांत राहत.

अवलंबून राहण्याबद्दल: सवय लागते ती चुकीच्या उंचीची. बरोबर उंचीवर स्नायू सैल होत जातात आणि काही महिन्यांनी एक चादर कमी करता येते. वर्गात हे मी सतत बघते. काहींची उंची कधीच कमी होत नाही, कारण सांध्याची खोबणच तशी असते. त्यांनी आयुष्यभर उशीवर बसावं. त्यात कमीपणा कसला?

सकाळचीफेरी

समजलं. माझ्या सोबतच्या एका मित्राला जमिनीवर बसणं अवघड झालंय म्हणून त्याने येणंच बंद केलं. त्याला हे दाखवतो.

खामला_चौक

मी फिजिओथेरपिस्ट आहे. काकांच्या मित्रासारखे बरेच लोक माझ्याकडे येतात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी गुडघे. वज्रासनात दुखतं अशी तक्रार सगळ्यात जास्त. पोटऱ्या आणि नितंब यांच्यामध्ये चपटा लोड किंवा जाड उशी घेतली की गुडघा तेवढा कमी दुमडतो. घोट्याच्या पुढच्या बाजूला ताण येत असेल तर तिथे गुंडाळलेला टॉवेल द्या. पण ज्यांची गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी लोड घेऊनसुद्धा वज्रासन किंवा सुप्त वीरासन (गुडघे दुमडून बसून मागे उताणं पडणं) स्वतःच्या मनाने करू नये. आपल्या सर्जनला विचारा, आणि तोवर खुर्चीवर बसा. खुर्चीवरही लोड उपयोगी पडतो. उंची कमी असलेल्या बायकांचे पाय प्लास्टिकच्या खुर्चीवरून जमिनीला टेकत नाहीत. पायांखाली चपटा लोड ठेवला की कमरेवरचा ताण लगेच उतरतो.

शवासन. पाय लांब सोडल्यावर ज्यांची कंबर जमिनीपासून उचलली जाते आणि दुखते त्यांनी गुडघ्यांखाली गोल लोड घ्यावा. मांडी वर आली की मांडीच्या सांध्यासमोरचे स्नायू सैल होतात, कमरेची कमान कमी होते आणि पाठ जमिनीवर पसरते. एकच गोष्ट या चर्चेतून घरी न्यायची असेल तर मी हीच सांगेन. यासाठी लोडही लागत नाही, दोन उशा एकावर एक ठेवून टॉवेलने बांधल्या तरी चालतं.

हनुवटी कपाळापेक्षा वर जात असेल तर डोक्याखाली घडी घाला. मान मागे पडलेली असताना पाच मिनिटंही आराम मिळत नाही.

हाडं ठिसूळ झालेल्यांनी लोडावर पुढे वाकताना पाठ गोल करून वाकू नये. त्यात मणक्यांच्या पुढच्या भागावर दाब येतो. लोड मांड्यांवर उभा-आडवा रचून कपाळ वरच टेकवा, खाली पोहोचायची गरज नाही. काचबिंदू असलेल्यांनी डोकं छातीच्या खाली जाणाऱ्या स्थिती नेत्रतज्ज्ञाला विचारल्याशिवाय करू नयेत, कारण त्यात डोळ्यातला दाब वाढतो. कमरेखाली लोड घेऊन विपरीत करणी (पाय भिंतीवर वर टेकवून उताणं पडणं) करणाऱ्यांनीही हे आधी विचारून घ्यावं.

फुटाळाकाठ

खामला_चौक, फार महत्त्वाचं लिहिलंत. विपरीत करणीबद्दल थोडी भर घालते, कारण पाय सुजणाऱ्या शिक्षिका आणि दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायका ती आवर्जून विचारतात. लोड भिंतीला चिकटवू नका, मध्ये थोडी फट ठेवा म्हणजे नितंब किंचित त्या फटीत उतरतात आणि पोट सपाट राहतं. मांडीमागचे स्नायू आखडलेले असतील तर लोड भिंतीपासून आणखी लांब घ्या आणि उंचीही कमी करा. पाय भिंतीवर तिरके राहिले तरी चालतात.

जयप्रकाशनगर

मला पाचवा महिना चालू आहे. वर्गातल्या ताई म्हणाल्या सुप्त बद्धकोनासन (तळवे जुळवून, गुडघे बाजूला सोडून उताणं पडणं) कर, छान वाटेल. वाटतंही. पण सासूबाई म्हणतात उताणं झोपू नको. नेमकं काय करू?

खामला_चौक

सासूबाईंचं बरोबर आहे. पाचव्या महिन्यानंतर सपाट उताणं फार वेळ पडू नये. गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर येतो आणि चक्कर, मळमळ होऊ शकते. सुप्त बद्धकोनासन करायचं तर पाठ चांगली उतरती हवी. लोडाच्या डोक्याकडच्या टोकाखाली विटा किंवा दुसरा लोड द्या, आरामखुर्चीत रेलल्यासारखं व्हायला हवं. दोन्ही गुडघ्यांखाली उशा घ्या, मांड्या लोंबकळत ठेवू नका. शवासन मात्र कुशीवर करा. डावी कूस बऱ्याच जणींना बरी वाटते. वरचा पाय दुमडून गोल लोडावर ठेवा, गुडघ्यापासून पावलापर्यंत सगळा. रात्री झोपतानाही हेच करा. आणि तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, प्रत्येकीचं वेगळं असतं.

जयप्रकाशनगर

धन्यवाद. आज संध्याकाळीच करून बघते.

पहाटपाच

मी दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलेला साधक. तिथे दिवसाला दहा तासांच्या आसपास बसणं असतं, म्हणून बसायच्या उशीबद्दल लिहितो. लोडाबद्दल मला फार माहिती नाही.

ऑनलाइन ध्यानाची गोल उशी दिसते, साधारण ३५ सेंमी व्यासाची. तिच्यात बाहेरच्या देशांत कुट्टूच्या (बकव्हीटच्या) दाण्यांची टरफलं भरतात. टरफलं एकमेकांत अडकून शरीराचा आकार घेतात आणि दबत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. आपल्याकडे ती मागवावी लागतात, आणि नागपूरच्या पावसाळ्यात ओल लागली तर किडे होऊ शकतात. त्यामुळे मी रुईची घट्ट उशी वापरतो आणि तिच्यावर एक पातळ घडी टाकतो. दीर्घ बसण्यात ती घडी खरी कामाची. तासाभराने पायाला मुंग्या आल्या की घडी काढतो, नंतर पुन्हा घालतो. दोन-अडीच सेंमीचा फरकही शरीराला नवी बैठक वाटतो.

उशी मांड्यांखाली नको, फक्त बैठकीच्या हाडांखाली, ही फुटाळाकाठ यांनी सांगितलेली गोष्ट माझ्या मते उंचीइतकीच महत्त्वाची आहे. उशीच्या पुढच्या अर्ध्या भागावरच बसायचं. मागे सरकून पूर्ण उशीवर बसलं की मांडीखाली कड येते, तिथली नस दाबली जाते आणि पाय बधिर होतो. आणि गुडघ्यांखाली फरशी नको. आमच्याकडे कोटा फरशी आहे, जानेवारीत पहाटे बर्फासारखी गार पडते. उशीखाली एक मोठी जाड चौरस गादी घेतली की गुडघे आणि घोटे वाचतात.

वर्धारोड

गुडघा एक टेकतो आणि दुसरा हवेत राहतो, त्याचं काय?

पहाटपाच

हवेतल्या गुडघ्याखाली छोटी उशी सरकवा. तो अधांतरी ठेवू नका, सगळा ताण कमरेच्या त्या बाजूला येतो. दर बैठकीला पाय आलटून पालटून घ्या.

सावरफूल

फुटाळाकाठ ताई, सुप्त बद्धकोनासनात माझी कंबर चिमटते. लोड चपटा आहे, नवा आहे, चांगला कडक आहे. तरीही. काय चुकतंय?

फुटाळाकाठ

याची दोन-तीन कारणं असू शकतात, आणि इथेच बहुतेक जण लोडाला दोष देऊन तो कपाटावर ठेवून देतात, म्हणून जरा सविस्तर.

आधी जागा बघा. लोड पाठीच्या रेषेत उभा ठेवायचा आणि त्याचं खालचं टोक कमरेला टेकलेलं हवं. नितंब जमिनीवर, लोडावर नाहीत. पुष्कळ जण लोडापासून चार बोटं पुढे बसतात आणि मग मागे पडतात. त्या फटीत कंबर लोंबकळते. म्हणून बसल्यावर हाताने लोड ओढून कमरेला भिडवा, मग हातांवर भार देत एकेक मणका टेकवत जा.

तरी चिमटलं तर नितंबांखाली एक चादर घडी करून घ्या. नितंब आणि लोड यांच्यातली पायरी कमी झाली की कमरेची कमान उतरते. तरीही नाही, तर लोड तुमच्या धडासाठी उंच आहे. तो बाजूला ठेवा आणि दोन-तीन चादरींची लांबट घडी पाठीखाली घ्या. उंची कमी असलेल्या बायकांना १५ सेंमीचा लोड पाठीखाली बहुतेकदा जास्तच होतो. कारखान्यातला लोड एकाच मापाचा येतो, आपली धडं नाही येत. म्हणूनच मी गादीवाल्याकडून भरून घेण्याच्या बाजूची आहे.

मांड्यांचाही भाग आहे. गुडघे हवेत ताणलेले असतील तर तो ताण थेट कमरेत जातो. दोन्ही गुडघ्यांखाली उशा द्या, अगदी वर, जांघेत ओढ जाणवणार नाही इतक्या. पाच मिनिटांनी काही बरं वाटलं नाही तर आसनातून बाहेर या. उठताना सरळ उठू नका. गुडघे हातांनी जवळ आणा, कुशीवर वळा, मग उठा.

सावरफूल

चादरीची घडी नितंबांखाली घेतली आणि फरक पडला! चिमटा गेला. लोडाचं टोकही कमरेपासून लांबच राहत होतं.

जवस_शेत

लोडाच्या सोबत डोळ्यांवरची पिशवी पण लिहा ना जी कोणी. आपल्या विदर्भात जवस पिकते, ती त्याच्यासाठी फार चांगली. दाणा गुळगुळीत आणि थंड असते, पिशवी डोळ्याच्या खोबणीत नीट पसरते. सुती किंवा रेशमी मऊ कापडाची वीतभर लांब पिशवी शिवायची, अर्धी-पाऊण भरायची, गच्च नाही. गच्च भरली तं डोळ्याच्या बुबुळावर दाब येते. जवस आधी उन्हात चांगली वाळवून घ्या. पुढच्या हंगामाला दाणे बदलून टाका, तेलाचं बी आहे, खवट वास येते. काचबिंदूवाल्यांनी ही पिशवी डोळ्यावर ठेवू नये, वरचं वाचून मी हे जोडून राहिलो.

मानेवाडा_रिंग

माझा प्रश्न देखभालीचा आहे. गेल्या वर्षी लोड भरून घेतला. उन्हाळ्यात कूलरच्या खोलीत ठेवला होता, आता त्याला कुबट वास येतो. धुवू का?

पिंजण

धुवायचा नाही! रुई पाणी प्याली का आतून वाळत नाही आणि बुरशी धरते. कूलरची हवा दमट असते. जून उजाडेपर्यंत त्या खोलीतल्या सगळ्या गाद्या ओल धरतात, लोडाचंच नाही. आता पाऊस उघडला का गच्चीवर कडक उन्हात टाका, दर दोन तासांनी पालटा, काठीने झोडा. दोन-तीन उन्हं दिली का वास जायले पाहिजे. नाही गेला तं खोळ उसवून रुई काढून पिंजून घ्या, पुन्हा भरा. कापसाच्या लोडाचं हेच सुख आहे, तो पुन्हा नवा होते. एम्प्रेस मिल १८७७ साली ज्या गावात सुरू झाली, आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्था आजही ज्या गावात आहे, त्या गावच्या माणसानं फेकून द्यायचा फोम घेऊ नये, असं मले मनापासून वाटते.

एप्रिल-मेमध्ये लोड कूलरच्या झोताच्या समोर ठेवू नका. आणि दिवाळीच्या आधी जसं गाद्यांना ऊन देता, तसं यालाही द्या.

मानेवाडा_रिंग

समजलं. वरची खोळ वेगळी शिवून घेऊ का मग?

फुटाळाकाठ

हो, नक्कीच. आतली खोळ जाड, मांजरपाटाची किंवा ड्रिलची, कायमची शिवलेली. वरचा अभ्रा वेगळा, चेनचा किंवा नाडीचा, धुता येणारा. कापड सुती घ्या. सॅटिन, मखमल किंवा रेक्झिनवर अंग घसरतं आणि आपण नकळत स्वतःला धरून ठेवतो. खादी किंवा दोसुती सगळ्यात चांगली. गांधीबागेत कापड घ्या आणि ओळखीच्या शिंप्याकडून शिवून घ्या, तयार लोडापेक्षा बरंच स्वस्तात पडतं. एका टोकाला कापडी पट्टा लावायला सांगा. चार किलोचा लोड उचलताना कंबर दुखावू नये.

वर्धारोड

मग भरूनच घेतो. चादरीवर माझी बसायची दाबलेली उंची १२ सेंमी आली. शवासनासाठी गोल लोडही हवा आहे. गोल लोडाच्या खोळीला किती कापड सांगू? शिंप्याला माप द्यावं लागेल.

पिंजण

२२ सेंमी व्यासाचा आणि ६५ सेंमी लांब लोड धरा. घेर निघते ६९ च्या आसपास. शिलाईसाठी तीन सेंमी सोडा, म्हणजे ७२ बाय ६८ चा एक तुकडा. टोकांना दोन गोल, प्रत्येकी २५ सेंमी व्यासाचे. लांबीच्या शिलाईत मधात ३० सेंमी उघडं ठेवायला सांगा, तिथून रुई भरू, मग हाताने टाके घालून बंद करू. कापड आधी एकदा धुऊन घ्या, कोरं कापड आटते. वरचा अभ्रा सेंमी-दोन सेंमी मोठा ठेवा, नाही तं भरलेल्या लोडावर चढत नाही.

बसायची उशी १२ सेंमी दाबलेली हवी असन तं भरताना १५-१६ ठेवा. पहिल्या महिन्यात रुई बसते. एका बाजूची शिलाई कच्ची ठेवा, महिन्याने पुन्हा येऊन मूठभर रुई वाढवून घ्या. कोणताही गादीवाला ते करून देईन.